पाचगणी–महाबळेश्वर पठार आणि कृष्णेचे खोरे : नकाशाच्या कामाच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२४ : हद्द

कामाची हद्द आज पक्की केली. पश्चिमेला सह्याद्रीचा मुख्य कडा (आर्थर सीटची बाजू), पूर्वेला वाई, उत्तरेला कृष्णेचे पात्र ओलांडून कमळगडापर्यंत, दक्षिणेला वेण्णेचे खोरे. महाबळेश्वर ते पाचगणी सरळ रेषेत सुमारे १५ किमी, महाबळेश्वर ते वाई सुमारे २५ किमी. या पंचवीस किलोमीटरमध्ये उंची १,४३९ मी (विल्सन पॉइंट) पासून सातशेच्या घरात उतरते. पाऊस साडेपाच-सहा हजार मिलिमीटरवरून हजाराच्या खाली येतो आणि दाट सदाहरित राई संपून उघडा माळ लागतो. एवढ्या थोड्या अंतरात इतका बदल असल्यामुळे नकाशाचे प्रमाण १:२५,००० ठरवले. १:५०,०००वर कड्याखालचे झरे आणि वाड्या एकमेकांवर चढतात.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या मालिकेतील दोन पत्रके पुरतात : ४७ जी/९ (महाबळेश्वर) आणि ४७ जी/१३ (पाचगणी, वाई). दोन्हींचा जोड ७३ अंश ४५ मिनिटे रेखांशावर येतो, म्हणजे पठाराच्या ऐन मध्यावर. भिलारच्या आसपास काम करताना दोन्ही पत्रके लागणारच.

९ ऑक्टोबर : जुनी पत्रके जागेवर बसवणे

छापील पत्रक स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशाच्या संगणकप्रणालीत बसवले. जुन्या पत्रकांवरचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराचे जुने गणिती रूप) आधारलेले आहेत. ते सरळ डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरते तो आजचा आधार) समजून भरले, तर या भागात सगळा नकाशा शंभर-सव्वाशे मीटर सरकतो. सपाट प्रदेशात हे लवकर लक्षात येत नाही. इथे मात्र कड्यावरचे देऊळ कड्याखाली दिसते.

वापरलेली पद्धत : आधी कालियानपूर १९७५ हा एव्हरेस्ट गोलाभावरचा जुना भारतीय आधार निवडून पत्रकाचे चारही कोपरे आणि कडेवरच्या व आतील पाच मिनिटांच्या छेदबिंदूंवर, म्हणजे एकूण १६ ठिकाणी खुणा दिल्या. पहिल्या घाताचे बहुपदी रूपांतर (सगळे पत्रक एकसारखे सरकवणारे, फिरवणारे) घेतले. मग डब्ल्यूजीएस ८४, यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या जाळीत (संगणकातला क्रमांक ईपीएसजी ३२६४३) बदलले. कागदाला घड्या असतील तर घडीच्या दोन्ही बाजूंना जास्त खुणा द्याव्यात. दुसऱ्या-तिसऱ्या घाताचे रूपांतर घेतले तर आकड्यांतली चूक कमी दिसते, पण मधला भाग ताणला जातो. ताळा पाहायला घाटातली तीक्ष्ण वळणे आणि जुने पूल घ्यावेत. ओढ्यांचे संगम पावसाळ्यात सरकतात, त्यांच्यावर भरवसा ठेवू नये.

विभागाच्या संकेतस्थळावरून मिळणारी नवी मालिका डब्ल्यूजीएस ८४वरच आहे, तिला हा खटाटोप नको. तरी जुनी पत्रके ठेवली, कारण त्यांवर पायवाटा, पाणवठे आणि वाड्यांची नावे जास्त आहेत.

१४ ऑक्टोबर : उंचीची माहिती

अवकाशातून रडारने मोजलेल्या उंचीचे दोन संच घेतले : एसआरटीएम (फेब्रुवारी २०००) आणि कोपर्निकस ३० मी (२०११ ते २०१५ च्या निरीक्षणांवरून). दोन्ही अक्षांश-रेखांशाच्या अंशांमध्ये येतात. अंशांतच उतार काढला तर प्रत्येक चौकोनाचा (उंचीच्या माहितीचा सर्वांत लहान तुकडा) उतार नव्वदच्या आसपास येतो, कारण आडवे अंतर अंशात आणि उभे मीटरमध्ये धरले जाते. आधी यूटीएममध्ये बदलणे आवश्यक. बदलताना ‘निकटतम’ पद्धत (सर्वांत जवळच्या चौकोनाचा आकडा तसाच उचलणारी) घेऊ नये. तिने चढउतारांच्या छायांकित नकाशात उभ्या-आडव्या रेघा उमटतात आणि त्या रेघा पुढे ओढे म्हणून बाहेर पडतात. शेजारच्या चौकोनांवरून मधला आकडा काढणारी द्विरेषीय किंवा घनीय पद्धत घ्यावी.

दोन्ही संच जमिनीची उंची दाखवतातच असे नाही. कोपर्निकसच्या रडारचा झोत झाडांच्या शेंड्यांवरून परततो, एसआरटीएमचा काही अंशी आत शिरतो. महाबळेश्वरच्या अंजनी-जांभळाच्या राईत झाडे ठेंगणी, म्हणून चूक थोडी. पाचगणीत रस्त्यांच्या आणि बंगल्यांच्या कडेने लावलेले सिल्व्हर ओक वीस मीटरच्या वर जातात. त्यांच्या रांगा नकाशावर खोट्या धारा म्हणून उभ्या राहतात. अशा जागी उपग्रहचित्र खाली ठेवून प्रत्येक धार तपासायची. झाडांच्या रांगेशी तंतोतंत जुळली तर काढून टाकायची.

१५ ऑक्टोबर

फोनवरच्या काही ॲपमध्ये उंची समुद्रसपाटीपासूनची नसते, गोलाभापासूनची असते. या भागात दोन्हींत साठ-पासष्ट मीटरचा फरक आहे आणि फोनचा आकडा कमी येतो. विल्सन पॉइंटवर १,३७५च्या आसपास दिसले तर यंत्र बिघडलेले नाही. योगायोगाने महाबळेश्वर गावाची नेहमी छापली जाणारी उंचीही १,३७२ मी आहे, त्यामुळे ही चूक सहज खपून जाते. नोंदवहीत उंचीच्या रकान्याशेजारी ‘कुठून मोजली’ हा रकाना वाढवला.

२१ ऑक्टोबर : कडा हरवतो

उताराचा पहिला नकाशा तयार झाला आणि त्यात टेबललँडचा (पाचगणीचे सपाट माथ्याचे पठार) कडाच नाही. जागेवर उभा तुटलेला जांभ्याचा कडा आहे, नकाशावर तिथे तीस-पस्तीस अंशांचा उतार. कारण सरळ आहे. उतार काढताना तीन गुणिले तीन चौकोनांची खिडकी फिरते, म्हणजे मधल्या चौकोनासाठी ६० मी अंतरातला चढ धरला जातो. चाळीस मीटरचा उभा कडा त्या ६० मीटरवर पसरला की उत्तर ३४ अंश येते. नव्वदचे चौतीस झाले. बाजूचा कारवीने भरलेला उतारही ३४ अंशांचाच, त्यामुळे दोन्ही एकाच रंगात.

आमच्या कामात ही सर्वांत महत्त्वाची अडचण. या पठारावर जे काही ठरते ते कडेवर ठरते : पाणी कुठे फुटते, झाडी कुठे टिकते, वाडी कुठे बसते, दरड कुठे येते. माथा आणि दरी दोन्ही अचूक काढून कडा चुकला, तर नकाशाचा उपयोग नाही. म्हणून कामाचा क्रम उलटवला. आधी कडेची रेषा हाताने काढायची, मग नकाशाचे बाकीचे थर तिला जोडायचे.

सपाट माथे मात्र संगणकाने बरे वेचले. अटी अशा : उंची १,२०० मीटरच्या वर, उतार ५ अंशांच्या आत, सलग क्षेत्र किमान २ हेक्टर (३० मीटरचा एक चौकोन ०.०९ हेक्टर, म्हणजे सुमारे २२ चौकोन). २२ पेक्षा लहान तुकडे ठेवले तर भातखाचरे, मैदाने आणि मोठी छपरेसुद्धा पठारे म्हणून येतात.

२६ ऑक्टोबर : टेबललँडची कड पायी

टेबललँडचा माथा सुमारे १,३८० मीटरवर. कडेने चालत साधारण दर २० मीटरला बिंदू घेतला. काही नियम :

कडेपासून किमान ५ मी आत उभे राहायचे आणि कडेपर्यंतचे अंतर व दिशा वेगळी लिहायची. जांभ्याचा वरचा कवचासारखा थर पुढे आलेला असतो आणि खालचा मऊ भाग झिजून गेलेला असतो. वरून भक्कम दिसणारी जागा आतून पोकळ असू शकते. खडकात कडेला समांतर भेग दिसली, तर भेगेच्या अलीकडेच थांबायचे. ती भेग हाच पुढच्या तुटीचा नकाशा. भेगेची रुंदी, लांबी आणि आत माती-गवत आहे की ताजा खडक, तेही लिहायचे. गवत असेल तर भेग जुनी.

होकायंत्राचे दिशापतन (सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक) या भागात शून्याच्या जवळ, दुरुस्ती लागत नाही. पण बेसाल्ट आणि लोहयुक्त जांभा सुई ओढतात. प्रत्येक दिशा दोन्ही टोकांवरून घ्यायची. जाताना आणि येताना १८० अंशांचा फरक आला नाही तर दोन-तीन मीटर सरकून पुन्हा. खडकावर यंत्र ठेवून वाचन घेऊ नये.

माथ्यावरच्या उथळ खळग्यांत अजून पाणी आहे. जांभ्यावर माती जेमतेम बोटभर, काही जागी तेवढीही नाही. गेंद आणि सीतेची आसवे अशा ओलाव्याच्या वनस्पती या खळग्यांच्या काठानेच आहेत. खळग्यांची मापे आत्ताच घ्यावी लागतात. डिसेंबरनंतर ते कोरडे पडतात आणि उपग्रहचित्रावर बाकीच्या सड्यापासून (जांभ्याचा उघडा सपाट माथा) वेगळे ओळखू येत नाहीत. घोडे आणि गाड्यांच्या वाटांवर हे खळगे भरून सपाट झालेले आहेत. त्या वाटा वेगळ्या रेषांनी दाखवायच्या, कारण पावसाळ्यात पाणी त्यांच्यातून वाहते.

७ नोव्हेंबर : पसरणी घाटातला छेद

वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट म्हणजे पठाराचा उभा छेद. भूशास्त्रात दख्खनच्या लाव्हाथरांच्या वरच्या भागाला ‘वाई उपगट’ म्हणतात, ते याच गावाच्या नावावरून. खालून वर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर असे त्याचे थर. ही विभागणी मुख्यतः खडकातल्या रसायनांवरून केलेली आहे. नुसत्या डोळ्यांनी आंबेनळी कुठे संपला आणि महाबळेश्वर कुठे सुरू झाला हे सांगता येत नाही, म्हणून आमच्या नकाशावर तशी रेषा ओढलेली नाही.

डोळ्यांना दिसते ते असे : घट्ट काळ्या पाषाणाचा थर, त्यावर बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा थर (पोकळ्यांत झिओलाइट हे पांढरे खनिज), मग कधी विटेसारखा लाल मातीचा पट्टा, आणि पुन्हा घट्ट पाषाण. लाल पट्टा म्हणजे दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात झालेली जुनी माती, वरच्या प्रवाहाने भाजलेली. नोंदीत तीच सर्वांत उपयोगी खूण, कारण दूरवरच्या दुसऱ्या सोंडेवरही ती त्याच पातळीवर सापडते. थर जवळजवळ आडवे आहेत, कल एक अंशाच्याही आत. म्हणून समोरासमोरच्या दोन सोंडांवर एकाच पट्ट्याच्या उंचीत मोठा फरक आला, तर आधी आपल्या मापावर शंका घ्यायची.

थरांची उंची वायुदाबाच्या उंचीमापकाने घेतली. त्यातली चूक इथे लिहून ठेवणे आवश्यक. आपल्याकडे हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास कमी होतो. फरक साधारण ३ हेक्टोपास्कल. तेराशे मीटरवर एक हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास साडेनऊ मी. म्हणजे एकाच दगडावर सकाळी आणि दुपारी मोजले तर पंचवीस-तीस मीटरचा फरक पडतो, एक अख्खा लाव्हाथर. उपाय : दर तासाला माहीत असलेल्या एका जागी परतून वाचन घ्यायचे आणि मधली वाचने वेळेच्या प्रमाणात दुरुस्त करायची. दोन माणसे असतील तर एकाने पायथ्याशी बसून दर १५ मिनिटांनी दाब लिहावा. हे जास्त खात्रीचे.

८ नोव्हेंबर

घाटात काम सकाळी आठच्या आत आटोपावे. वळणाच्या आतल्या बाजूला उभे राहू नये, परावर्तक जाकीट घालावे. संरक्षक जाळी किंवा सिमेंटचा थर असलेली जागा सोडून द्यावी, तिथे खडक दिसतच नाही.

१८ नोव्हेंबर : पाणलोट

महाबळेश्वरच्या माथ्यावर काही किलोमीटरच्या आत कृष्णा, वेण्णा, कोयना आणि सावित्री यांची डोकी आहेत. पहिल्या तिघी अखेर एकाच नदीत जातात : वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीला, कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते. सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते. चारही पाणलोट काढताना दुभाजक रेषा (इथून पाणी कोणत्या नदीकडे जाते ते वेगळे करणारी) माथ्यावर येते आणि माथा सपाट. एक अंश उताराच्या जमिनीवर उंचीत ५ मीटरची चूक झाली, तर दुभाजक जवळजवळ २८५ मी सरकतो. ५ मीटरची चूक या माहितीत नेहमीचीच. म्हणून माथ्यावरचे दुभाजक संगणकावर सोडलेले नाहीत. रस्त्याच्या मोऱ्या कुठे उतरतात आणि गटारांचा उतार कोणीकडे आहे, ते पाहून प्रत्यक्ष ठरवायचे. वस्तीत तर मूळ दुभाजक रस्त्यांनीच मोडलेला आहे.

वेण्णा तलाव (१८४२ मधला बांधीव तलाव) आणि धोम जलाशय यांनी दुसरी अडचण आणली. पाण्याचा पृष्ठभाग सपाट, त्यामुळे संगणकाने धोमच्या पाण्यावर फूटपट्टीने आखल्यासारखे समांतर ओढे काढले. जलाशयाची हद्द वेगळ्या थरात काढून तेवढा भाग झाकला आणि कृष्णेचे बुडालेले पात्र जुन्या पत्रकावरून ओढले.

ओढा कुठून सुरू होतो हे ठरवायला वरच्या बाजूच्या किमान ५०० चौकोनांचे पाणी एकत्र यावे अशी मर्यादा ठेवली, म्हणजे ४५ हेक्टर. खालच्या उतारावर ती बरोबर बसली. जांभ्याच्या माथ्यावर ती मर्यादा फसते, कारण पाणी आत मुरते आणि कड्याखाली बाहेर पडते. ओढ्याचा उगम खरोखर कड्याच्या पायाशी आहे. माथ्यावरच्या रेषा तुटक करून ‘पावसाळी’ म्हणून दाखवल्या.

३ डिसेंबर : सावलीतले जंगल

सेंटिनेल २ या उपग्रहाची चित्रे घेतली, १० मीटरचे चौकोन. पाचगणीचा कृष्णेकडचा उतार उत्तरेकडे तोंड करून आहे. डिसेंबरात उपग्रह वरून जातो त्या वेळी, सकाळी अकराच्या सुमारास, सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो. त्याहून तीव्र असे उत्तरेकडे तोंड केलेले कडे सावलीत जातात. सावली काळी, पाणीही काळे, दाट जंगलही गडद. संगणकाने रंगांवरून रान, पाणी, खडक असे वर्गीकरण केले, त्यात सिडनी पॉइंटखालच्या कड्यावर पाण्याचे ठिपके आले. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातल्या चित्रात सूर्य पंचावन्न अंशांच्या आसपास किंवा थोडा वर असतो आणि ही चूक बरीच निवळते.

पण एकटा मार्चही पुरत नाही. मार्चमध्ये सडा, वाळलेले गवत आणि पानझडीचे रान एकसारखे तांबूस दिसतात. म्हणून दोन तारखा : पाऊस उघडल्यावरची ऑक्टोबरअखेर आणि मार्चची सुरुवात. दोन्ही वेळा हिरवे ते सदाहरित रान. ऑक्टोबरला हिरवे पण मार्चला नाही ते गवत, कारवी किंवा पानझडी. दोन्ही वेळा उघडे ते खडक किंवा बांधकाम. जून ते सप्टेंबर या पठारावर उघडे आभाळ मिळण्याची आशा धरू नये.

११ जानेवारी २०२५ : रान आणि शेत

जागेवरची पडताळणी. प्रत्येक ठिकाणी २० मी गुणिले २० मी चौकट, चारही कोपऱ्यांत छायाचित्र, झाडांची सरासरी उंची, छत्राची घनता अंदाजे टक्क्यांत, पायाखाली खडक की माती.

महाबळेश्वरकडे अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, गेळा. वाऱ्याच्या तोंडावरच्या कड्याजवळ हीच झाडे निम्म्या उंचीची आणि वाकलेली. पूर्वेला सरकत गेले की राई घळींपुरती उरते. पाचगणीच्या पुढे घळीतली झाडी आणि उघडे माथे असा पट्टेरी पोत दिसतो. कारवी मोठ्या उतारांवर सलग. तिचा मोठा बहर साधारण सात वर्षांतून एकदा येतो, मग ती वाळते आणि नवी रोपे येतात. बहरानंतरच्या वर्षातले उपग्रहचित्र वापरले, तर अख्खा उतार जंगलतोड झाल्यासारखा दिसू शकतो. त्या वर्षाचे चित्र तुलनेला घेऊ नये.

शेतीत मोठी फसगत स्ट्रॉबेरीची. गादीवाफ्यांवर मल्चिंगचा कागद ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत असतो. उपग्रहाला प्लास्टिक दिसते, रोप दिसत नाही. भिलार, भोसे, खिंगर या पट्ट्यातली पिकाने भरलेली शेते पहिल्या वर्गीकरणात ‘उघडा खडक’ म्हणून आली. दुरुस्ती अशी : पाण्याच्या आसपासची, सरळ बांधांची आणि १२ अंशांहून कमी उताराची ‘खडक’ जागा आधी शेत म्हणून धरायची आणि मग डोळ्यांनी तपासायची. ऑगस्टमध्ये याच शेतांत पाणी असते, पण तेव्हा आभाळ झाकलेले.

२ फेब्रुवारी : झरे

जांभ्याचे कवच सच्छिद्र आणि भेगाळलेले. त्याखाली बेसाल्ट कुजून झालेली पांढरट-जांभळट चिकणमाती, तिच्यातून पाणी सहजी उतरत नाही. वरून मुरलेले पाणी या मातीवर अडते आणि कडेने बाहेर येते. म्हणून झरे शोधायचे तर कडेच्या रेषेपासून खाली, मातीच्या थराच्या माथ्याच्या पातळीवर. जांभ्याची जाडी जागोजाग बदलते, त्यामुळे ‘माथ्यापासून अमुक मीटर’ असा नियम चालत नाही. कड्याचा पाय दिसतो तिथून वाट धरून जायचे. नेचे, शेवाळ आणि भर फेब्रुवारीत हिरवी दिसणारी आडवी पट्टी हीच खूण. दुसऱ्या सोंडेवरून दुर्बिणीने ही पट्टी आधी कागदावर काढून घेतली, तर पायपीट निम्मी होते.

प्रवाह मोजण्याची रीत : सगळे पाणी एका पन्हाळीत वळवायचे, १५ लिटरची बादली, तीन वेळा मोजून सरासरी. ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला साडेबावीस लिटर. बाजूने झिरपणारे पाणी चिखलाचा बांध घालून आत घ्यावे लागते. ते राहिले तर आकडा फारच कमी येतो. मोजून झाल्यावर बांध मोडून झरा होता तसा करायचा. खाली कोणाची तरी पाण्याची टाकी असते.

विद्युतवाहकता (पाण्यात विरघळलेले क्षार जास्त तितकी ती जास्त) मोजली तर झऱ्याचे पाणी कुठून येते ते कळते. जांभ्यातले पाणी फार मऊ, वाचन बहुधा शंभर मायक्रोसीमेन्सच्या आत. बेसाल्टच्या भेगांत जास्त काळ राहिलेले पाणी कित्येक पटींनी जास्त. मीटर १,४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाण द्रावणाने जुळवला तर इतक्या खालच्या वाचनावर विश्वास ठेवता येत नाही, ८४ मायक्रोसीमेन्सचे द्रावण वापरावे. गावालगतच्या झऱ्यात एकाएकी मोठे वाचन आले तर आधी वरच्या बाजूला शोषखड्डे आहेत का ते पाहावे. कवचातून सांडपाणीही पावसाच्या पाण्याइतक्याच सहजी खाली जाते. या पठारावर बांधकाम करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट मनावर घ्यायला हवी.

कड्याखाली अर्धे आभाळ झाकलेले, जीपीएस पंधरा-वीस मीटर चुकतो. झऱ्याची जागा माथ्यावरच्या माहीत बिंदूपासून दिशा आणि टेपने ठरवली.

१ मार्च : गुहा आणि निखळलेले ठोकळे

राजपुरीच्या गुहा आणि टेबललँडच्या पोटातल्या गुहा एकाच कारणाने झालेल्या : वरचे कवच टणक, खालचा थर मऊ, पाणी मऊ थराला धुऊन नेते. कवच अधांतरी होते आणि कधीतरी ठोकळ्यांनी निखळते. उतारावर घराएवढे जांभ्याचे ठोकळे पडलेले आहेत. काही अर्धे मातीत गाडलेले, वर झाडे वाढलेली. पहिल्या फेरीत असे काही ठोकळे ‘जागेवरचा जांभा’ म्हणून नोंदले गेले आणि कवचाची सीमा शंभर मीटर खाली आली. ओळखायची रीत : जागेवरच्या जांभ्यात पन्हाळीसारखी छिद्रे साधारण उभी असतात, पडलेल्या ठोकळ्यात ती आडवी किंवा तिरपी. दोन शेजारच्या ठोकळ्यांत त्यांची दिशा वेगवेगळी असेल तर शंकाच नको.

ठोकळ्यांचा पट्टा नकाशावर वेगळ्या ठिपक्यांनी दाखवला. तो पडलेल्या दरडींचा इतिहास आहे, आणि त्याच्या खालच्या कडेला वस्ती असेल तिथे नाव ठळक लिहिले.

१२ मार्च : कमळगड

कृष्णा आणि वाळकी यांच्या मधल्या धारेवरचा कमळगड, सुमारे साडेचार हजार फूट. माथ्यावर गेरूची विहीर, लोक तिला कावेची विहीर म्हणतात. पायऱ्या उतरत जाणारी अरुंद चीर, दोन्ही भिंती तांबड्या आणि ओलसर. विहिरीत उतरले की लोहयुक्त तांबडा थर वरपासून आतपर्यंत हाताला लागतो. समोर दरीपलीकडे टेबललँड जवळजवळ याच पातळीला. दोन्ही माथे एकेकाळी एकाच सलग पृष्ठभागाचे भाग होते आणि मधले सगळे कृष्णेने व तिच्या ओढ्यांनी खोदून नेले, असे मानायला ही पातळीची जुळणी मोठा आधार आहे. जमिनीच्या उभ्या छेदाच्या चित्रासाठी मुख्य रेषा म्हणून कमळगड–धोम जलाशय–सिडनी पॉइंट–टेबललँड–वेण्णा खोरे हीच निवडली. उभे प्रमाण आडव्याच्या दुप्पट. पाचपट केले की चित्र आकर्षक होते, पण सगळ्याच उतारांचे कडे होतात.

६ एप्रिल : पावसाचा थर

महाबळेश्वर, पाचगणी, वाई या तीन ठिकाणच्या सरासरीवरून संगणकाने पावसाच्या रेषा काढल्या, तर प्रत्येक ठिकाणाभोवती गोल वर्तुळे आली. पाऊस असा पडत नाही. वारा पश्चिमेकडून येतो, मुख्य कड्यावर चढतो आणि पलीकडे उतरत कोरडा होतो. म्हणून मुख्य कड्यापासूनचे अंतर हाच आधार धरला. महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर, पाचगणीला अठराशेच्या आसपास : १५ किलोमीटरमध्ये दर किलोमीटरला सरासरी अडीचशे मिलिमीटरची घट, आणि ही घट पश्चिमेच्या बाजूला जास्त तीव्र. समपर्जन्य रेषा कड्याला समांतर, तुटक काढल्या. वेण्णा आणि कृष्णेच्या दऱ्यांत त्या किती आत वळतात हे तीन ठिकाणांवरून ठरवता येत नाही, म्हणून दऱ्यांत रेषा सोडून दिल्या.

२७ एप्रिल : रेषा, नावे, रंग

समोच्च रेषा २० मीटरच्या. या माहितीवरून ५ मीटरच्या रेषा काढता येतात, पण त्या झाडांच्या शेंड्यांच्या असतात. कडा जिथे हाताने काढलेला आहे तिथे समोच्च रेषा तोडल्या आणि कड्याचे दातेरी चिन्ह दिले. नुसते सोडले तर पाच रेषा एकमेकींवर चढून जाड काळा पट्टा होतो.

नावे देवनागरीत, गावात बोलतात तशी : दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर, तायघाट. पाचगणीच्या परिसरातली ही पाच गावे आधीची, गिरिस्थान नंतरचे. पॉइंटांच्या इंग्रजी नावांशेजारी स्थानिक नाव असेल तर ते आधी : नाके खिंड, मग केट्स पॉइंट. पत्रकावरचे रोमन स्पेलिंग वाचून नाव लिहू नये. ‘ड’ आणि ‘द’, ‘ळ’ आणि ‘ल’ यांचा घोळ हमखास होतो. गावातल्या दोन माणसांना विचारून आणि महसुली यादीशी ताडून लिहावे.

२००१च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरलेल्या क्षेत्राची (सुमारे १२४ चौ. किमी) हद्द वेगळ्या थरात. ती गावांच्या सीमांवरून काढली आहे, कड्यावरून नाही. दोन्ही रेषा एकमेकींवर ठेवल्या की झरे कुठे हद्दीबाहेर पडतात ते थेट दिसते.

२० मे : पावसाआधीची यादी

झऱ्यांचे शेवटचे उन्हाळी मोजमाप या आठवड्यात घ्यायचे. पहिल्या वळवानंतर घेतलेला आकडा उन्हाळ्याचा धरायचा नाही. टेबललँडच्या कडेवरच्या भेगांना दोन्ही बाजूंनी पितळी खुणा ठोकून अंतर मिलिमीटरमध्ये लिहायचे, पुन्हा मोजणी ऑक्टोबरात. खुणा ठोकायच्या आधी वनखाते आणि नगरपरिषद दोघांची परवानगी हातात हवी. खळग्यांची राहिलेली मापे सप्टेंबरअखेर. कऱ्हाडच्या बाजूचा कोयनेचा भाग या नकाशात घेतलेला नाही. थरांच्या मूळ फायली, कडेचे बिंदू आणि दाबाच्या दुरुस्त्यांचा तक्ता एकत्र ठेवला आहे. कडेच्या रेषेत बदल केला तर तारीख आणि कारण लिहूनच जतन करायचे.